बेडूकवाल्यांच्या घरची शैला

डहाणूहून परतल्यावर नागपुरात ज्याने त्याने एकच विचारलं, "समुद्र कसा आहे?" समुद्र छान आहे, मोठा आहे, त्यात पाणीही भरपूर आहे. पण मी गेले होते बास्केटबॉल खेळायला, आणि तिथून जे घेऊन आले त्याचा समुद्राशी फारसा संबंध नाही. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. तोंडी सांगायला बसले की लोक मध्येच टोकतात आणि माझं डोकं फिरतं, म्हणून लिहिलेलं बरं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, आणि मी एका बँकेच्या महिला संघाची कप्तान होते. धंदेवाईक खेळाडू म्हटलं की लोकांना अमेरिका आठवते, मोटारी आठवतात, लाखांचे करार आठवतात. आम्हीही खेळायचाच पगार घेत होतो, फक्त मोटार नव्हती आणि दुपारपर्यंत काउंटरवर बसून लोकांच्या सह्या ताडून पाहाव्या लागत. पण एका बाबतीत आम्ही अमेरिकेच्या तोडीस तोड होतो. आमच्यातल्या प्रत्येकीला टोपणनाव होतं, आणि प्रत्येक नावामागे काहीतरी घडलेलं होतं.

मला 'फोडणी' म्हणत. पहिल्याच शिबिरात पंचांनी माझ्यावर नसलेला फाउल लावला तेव्हा मी अशी काही तडतडले की पंच दोन पावलं मागे सरकले. नाव तिथेच पडलं आणि मला आवडलंही. रोहिणी आमची 'घड्याळ', कारण सामना सुरू झाल्या झाल्या ती विचारायला लागायची, "किती वेळ राहिला?" आम्ही पुढे असलो तरी तेच, मागे असलो तरी तेच. ही नावं आम्ही मायेने घेत होतो, त्यामुळे ती अंगाला टोचत नव्हती.

शैलाचं नाव मात्र आमच्यातल्या कुणी ठेवलं नव्हतं. शैला काटोलची, अंगाने सडपातळ, उंची सहा फुटांच्या थोडी वरच. बास्केटखाली उभं राहून चेंडू खेचायचं काम तिचं. एका वार्ताहराने सामन्याच्या बातमीत तिला 'जिराफ' म्हटलं. पुढच्या सामन्याला प्रेक्षकांतून कुणीतरी बाभळीची फांदी तिच्यासमोर धरली आणि म्हणाला, "खा." सगळं मैदान हसलं. त्या दिवसापासून पोरगी वाकली ती वाकलीच. खांदे पुढे, मान खाली, हात छातीशी. उडी मारायची वेळ आली की आधी प्रेक्षकांकडे बघायची, आणि तोवर चेंडू दुसरीच कुणीतरी घेऊन जायची.

तिची नोकरी अजून कच्ची होती. आमचे क्रीडा अधिकारी पाटणकर साहेब यांनी निघण्याआधी मला बोलावून स्पष्ट सांगितलं, "डहाणूची स्पर्धा मी स्वतः बघणार आहे. शैला खेळली तर तिला कायम करा म्हणून लिहीन. अशीच वाकून उभी राहिली तर मला लिहिता येणार नाही, बाई. मला रागावू नका." मी रागावलेच. पण माणूस खोटं बोलत नव्हता. शैलाचे वडील नव्हते, दोन भाऊ शिकत होते, आणि घरात पगार तिचाच होता. तिला मी हे लपवलं नाही, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मला कळतं सगळं. पण हात वर गेले की वाटतं, आता कुणीतरी फांदी काढेल."

डहाणू रोड

पहिला घोटाळा स्टेशनावरच झाला. डहाणू रोडला गाडी थोडाच वेळ थांबते, हे रोहिणीने कुठेतरी ऐकलं होतं. तिने "उतरा, उतरा, वेळ नाही" असा घोशा लावून आम्हाला अक्षरशः ढकलून उतरवलं. गाडी सुटली तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांचे खेळाचे कपडे असलेली मोठी बॅग वरच्या फळीवर राहिली. आमच्या निळ्या जर्सी, बँकेचं नाव छातीवर, निघाल्या गुजरातेत. मी रोहिणीला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. गाडी आमच्या अंदाजापेक्षा बरीच जास्त थांबली होती, हे तिला आजही सांगितलं तरी पटत नाही.

आम्हाला घ्यायला मंडळाचे सुरेशभाई आले होते. स्पर्धा भरवणारं मंडळ म्हणजे चिकूच्या वाड्या असलेल्या घरांतली आणि डहाणूच्या सरकारी कचेऱ्यांतली हौशी माणसं. सुरेशभाई बोलता बोलता मराठीतून गुजरातीत जायचे आणि परत यायचे, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसायचा. बॅगेचं ऐकून ते जरासुद्धा घाबरले नाहीत. "स्टेशन मास्तर फोन करेल पुढे. बॅग येईल नाहीतर नाही येईल. कपडे आपण करून घेऊ. तुम्ही आधी चा पिऊन घ्या ने," असं म्हणून त्यांनी आम्हाला टेम्पोत बसवलं.

चिखले

आमची सोय चिखल्यात केली होती, डहाणूच्या उत्तरेला, किनाऱ्यावरचं गाव. लॉज वगैरे काही नाही, एकेका घरात एकेक जण. आमच्या नागपुराकडे पाहुणा आला की त्याला बैठकीत बसवतात. चिखल्यात पाहुण्याला थेट मागच्या पडवीत नेतात, पुढ्यात सूप ठेवतात आणि म्हणतात, "बस गं बाय, पापडी सोल." पहिल्या संध्याकाळीच आम्ही कामाला लागलो. उकडहंडी करायची होती. वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, सगळं ओल्या मसाल्यात घोळून मडक्यात भरायचं आणि मंद आचेवर शिजवायचं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली मी, तांदळाची भाकरी आणि उकडहंडी इतकी खाल्ली की घरातल्या सासूबाई सुनेला म्हणाल्या, "ही कप्तान आहे ती बरोबर आहे."

गावाची एक गंमत दुसऱ्या सकाळी कळली. निम्मं गाव राऊत. त्यात सुरेश राऊत चार, लक्ष्मी राऊत पाच की सहा. मग कुणाला ओळखायचं कसं? तर प्रत्येक घराला एक टोपणनाव. मी उतरले होते ते घर 'किटलीवाले', कारण त्यांच्या पणजोबांनी गावात पहिला चहा केला. रोहिणी 'छत्रीवाल्यां'कडे. त्यांच्या आजोबांनी मुंबईहून छत्री आणली आणि मोडेल म्हणून पावसात कधी उघडली नाही. ही नावं नुसती तोंडी नव्हती. चिकूची लाकडी खोकी गाडीने मुंबईला, दिल्लीला जायची, आणि तिकडच्या व्यापाऱ्यांना मराठी वाचता येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक घराचं चित्र कापलेला पत्र्याचा साचा होता. साचा खोक्यावर धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, की झाली किटली, झाली छत्री. हे काम गावभर एकच माणूस करायचा, सदूभाऊ पेंटर.

आणि शैला उतरली होती 'बेडूकवाल्यां'कडे.

आधीच जिराफ, त्यात बेडूक. हे कळलं तशी मी त्यांच्या वाडीत गेले. बघते तर शैला झाडाखाली उभी आणि घरातल्या लक्ष्मीकाकी तिच्या हातात लांब बांबू देत होत्या. बांबूच्या टोकाला कडं, कड्याला जाळी. फळ जाळीत घ्यायचं, हिसका द्यायचा, मग हळूच खाली उतरवायचं. आमच्या बास्केटची जाळीच जणू कुणी काठीला बांधली होती.

काकी साठीच्या, ठेंगण्या, नऊवारी घट्ट खोचलेली, आवाज मात्र समुद्रावरून हाक मारावी तसा. "हात पूर्ण वर कर, बाय. असा आखडून धरलास तर फळ फांदीवर आपटेल. डाग पडलेला चिकू कोण घेणार? कुणी बघत नाही, वर कर."

शैलाने हात वर केले. पहिल्या दोन फळांना वेळ लागला. नंतर ती एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली सरकत गेली, आणि शेंड्याकडचे चिकू, ज्यांना काकींच्या घरातलं कुणी पोचत नव्हतं, ते टोपलीत पडायला लागले. काकी म्हणाल्या, "ही मुलगी मला वाडीला ठेवा हो. बँकेला काय करायचीय?" मी म्हटलं, बँकही सध्या तोच विचार करते आहे.

चिकू धुऊन, निवडून झाले. खोक्यांवर बेडूक उठत होते, हिरवे, पाय दुमडून बसलेले. शैला ते बघत होती. तिने विचारलं, "काकी, तुम्हाला या नावाचा राग नाही येत?"

काकींनी पदराला हात पुसले. "माझा सासरा विहीर उपसायला उतरला आणि दोर तुटला. आतल्या कपारीवर बसून हाका मारत राहिला. लोक येईपर्यंत घसा असा बसला की तोंडातून नुसतं डरांव डरांव. वर काढला तर गावाने विचारपूस करायच्या आधी हसून घेतलं. बेडूक, बेडूक. चुलत भाऊबंद तर दारावरून जाताना ओरडायचे. म्हातारा मानी होता. पहिली खोकी भरली तेव्हा सदूच्या बापाला म्हणाला, काढ बेडूक. मोठा काढ. आणि त्या खोक्यात एक डागाळलेलं फळ भरू दिलं नाही. आज दिल्लीच्या बाजारात आमचा बेडूक बघून आधी बोली लावतात. हसणारे भाऊबंद आता विचारतात, तुमचा साचा देता का?"

शैलाने टोपली उचलून ओट्यावर ठेवली आणि पुढच्या झाडाकडे गेली.

डहाणू

संघ चारच होते, म्हणजे पहिला सामना जिंकला की थेट अंतिम. तो पहिला सामना डहाणूत होता, शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर, यजमान संघाशी. बॅगेचा पत्ता नव्हता. सुरेशभाईंनी शाळेच्या कवायतीचे पांढरे टी-शर्ट मिळवले आणि सदूभाऊंना सांगितलं, "कोण कोण आहे ते समजेल असं काहीतरी पाठीवर काढ." आमच्याकडे कोणालाही हे सांगितलं असतं तर त्याने आकडे काढले असते. सदूभाऊंनी आयुष्यभर एकच गोष्ट केली होती. वस्तू कोणाच्या घरची आहे ते तिच्यावर काढायचं. त्यांनी विचारलं, ही कोणाकडे उतरली? ही कोणाकडे? आणि साचे काढले.

सकाळी आम्ही कपडे उलगडले तर माझ्या पाठीवर किटली, रोहिणीच्या पाठीवर छत्री, आणि कुणाच्या पाठीवर शिडी, कुणाच्या कावळा. आकडे कुठेच नाहीत. मी तडतडायला तोंड उघडलं. सदूभाऊ शांतपणे म्हणाले, "का? चुकलं काय? तू किटलीवाल्यांकडेच आहेस ना?" शेवटी खडूने कोपऱ्यात आकडे घातले, पंचांपुरते. पाटणकर साहेबांनी कपाळाला हात लावला. शैलाने आपला टी-शर्ट बराच वेळ हातात धरून ठेवला. मला वाटलं, आता रडते. तिने तो अंगात घातला आणि विचारलं, "ताई, बेडूक सरळ आलाय का पाठीवर?"

सामना सुरू झाला आणि मग खरी मजा आली. चिखले सगळं लोटलं होतं, आपल्या डहाणूच्या मुलींना ओरडून जिंकवायला. पण आमच्या पाठी बघितल्यावर गावाचा गोंधळ उडाला. किटली पळायला लागली की किटलीवाले उठून उभे राहायचे. त्यांना राहवायचंच नाही, घरची वस्तू ना. छत्रीवाल्यांच्या आजी रोहिणीला "वेळ भरपूर आहे गं, सावकाश" म्हणून धीर देत होत्या. यजमान संघाच्या कप्तान, म्हणजे डहाणूच्या शाळेतल्या एक बाई, खेळता खेळता प्रेक्षकांना म्हणाल्या, "अहो, तुम्ही नक्की कोणाचे?" त्यांचा सवाल रास्त होता. काकी पहिल्या रांगेत बसून हात वर करून दाखवत होत्या, असे, असे, पूर्ण वर.

शैला पूर्ण सुटली असं म्हणता येणार नाही. पण तिचे हात छातीशी राहिले नाहीत, खांद्यापर्यंत आले, कधी डोक्यावरही गेले. दोन चेंडू तिने असे खेचले की पाटणकर साहेब खुर्चीत पुढे सरकले. आम्ही जिंकलो. हरलेल्या मुलींनी आम्हाला पोटभर शिव्या आणि मग पोटभर नारळपाणी दिलं. साहेब मला म्हणाले, "ठीक आहे. पण हे घरचं मैदान झालं. तलासरीला अंतिम सामन्यात बघू."

मधला दिवस मोकळा होता. सुरेशभाईंनी आम्हाला गुजरातच्या सीमेवरच्या झाईपर्यंत फिरवून आणलं. सुरूच्या बनांतून रस्ता जातो, एका बाजूला राखाडी वाळू, ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की शोधायला माणूस पाठवावा लागेल. झाईला मच्छीमारांच्या ओट्यांवर बोंबील सुकत होते. थोडं पुढे गेलं की दुकानाच्या पाट्या गुजराती. टपरीवाल्याने आम्हाला मराठीत चहा विचारला, पोराला गुजरातीत साखर मागितली आणि तिसऱ्या कुठल्यातरी भाषेत एका कोळणीशी भांडला. आमच्या नागपुरात हिंदी-मराठीची खिचडी असते, त्याचं मला फार कौतुक होतं. ते त्या टपरीवर उतरलं. येताना कोसबाडच्या टेकडीवर चढलो. खाली वाड्यांचा हिरवा पट्टा, पलीकडे पाणी. शैला म्हणाली, "इथून सगळंच बुटकं दिसतं," आणि पहिल्यांदा स्वतःच्या उंचीवर स्वतःच हसली.

तलासरी

अंतिम सामना तलासरीला, महामार्गाजवळच्या एका शाळेच्या मैदानावर. किनारा सोडून आत गेलं की मुलूख बदलतो. भातकापणी झालेली खाचरं, साग, टेकड्या, लांब लांब पाडे. त्या दिवशी बाजार होता. सुकी मासळी, मडकी, मिरच्या, बांगड्या, आणि बाजार उरकून माणसं तशीच मैदानाकडे येत होती, डोक्यावर टोपल्या, पाठुंगळी पोरं. बास्केटबॉल त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिला नव्हता. एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं, "त्या टोपलीला बूड का नाही?" मी म्हटलं, बूड असतं तर चेंडू कोण काढणार? त्यांना पटलं. मग म्हणाले, "शैलाला सांगा काढायला," आणि शैलाकडे बोट दाखवलं. तिचं नाव त्यांना इतक्यात कसं कळलं कोण जाणे, चिखल्याहून आलेल्या ट्रकमधल्या मंडळींनी बहुतेक सगळ्या बाजारात सांगितलं होतं.

आमच्यासमोर होता सीमेपलीकडच्या एका कापड गिरणीचा संघ. पगारी मुली, रोज सराव करणाऱ्या, अंगाने दणकट. आणि नेमकी त्याच सकाळी आमची बॅग परत आली. स्टेशन मास्तरांनी फोन केला होता, कुठल्याशा गाडीने ती उलटी आली. पाटणकर साहेबांना आनंद झाला. निळ्या जर्सी काढून ते म्हणाले, "चला, आता जरा बँकेसारखं दिसा."

सगळ्या कपडे बदलायला उठल्या. शैला उठली नाही.

"साहेब, मला तो पांढराच पाहिजे," ती म्हणाली. "बेडकाचा."

"शैला, हा अंतिम सामना आहे. बँकेचं नाव दिसलं पाहिजे. मी वर काय सांगू?"

मला ठाऊक होतं, ती कधीही कुणाला नाही म्हणत नाही. मी गप्प राहिले, आणि मला गप्प राहणं किती अवघड जातं हे माझ्या घरच्यांना विचारा. शैला उभी राहिली. साहेबांना वर बघावं लागलं. ती म्हणाली, "बँकेचं नाव छातीवर असू द्या. पाठ मला द्या. सदूभाऊ ट्रकमध्ये आहेत, साचा पण आहे. मी बेडूक घेऊनच खेळेन, साहेब. नोकरी गेली तरी खेळेन, पण वाकून नाही खेळणार."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघता? मला किटली पाहिजे." मग रोहिणीला छत्री पाहिजे झाली, आणि पुढच्या काही मिनिटांत निळ्या जर्सी ट्रकच्या फाळक्यावर पालथ्या पडल्या आणि सदूभाऊंचा बोळा फिरायला लागला. साहेब एवढंच म्हणाले, "रंग निघतो ना हो?" सदूभाऊंना प्रश्नच अपमानाचा वाटला. "आजवर निघाला नाही," ते म्हणाले.

रंग वाळायला वेळ कुठे होता? ओल्या बेडकासकट शैला मैदानात उतरली. आणि उतरताच गिरणीच्या पाठीराख्यांतून हाक आली, "अरे, जिराफ!" तिकडच्या कुणीतरी आमचे जुने सामने बघितले असणार. एकाने कुंपणाची झावळी ओढून काढली आणि हलवायला लागला. मी मैदानाच्या मध्यात होते. मला शैलाचे खांदे दिसले. ते हळूहळू पुढे यायला लागले होते.

मी जाऊन त्या माणसाची गचांडी धरायच्या बेतात होते. पण माझ्या आधी काकी उठल्या. त्यांनी कुणाला शिवी दिली नाही, कुणाकडे बघितलंही नाही. दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्या समुद्रावरच्या आवाजात सुरू केलं, "डरांव! डरांव!"

चिखल्याचा ट्रक लागलाच पाठोपाठ. मग बाजारातून आलेली माणसं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आमचं मराठी धड कळत नव्हतं, पण हिरवा बेडूक पाठीवर स्पष्ट होता, आणि बेडकाचा आवाज काढायला कुणाला शिकवावं लागत नाही. गुजराती बोलणारे व्यापारी "देडको, देडको" करत होते, पाड्यांवरच्या बायका त्यांच्या शब्दात ओरडत होत्या, आणि मध्ये मध्ये सगळे एकच डरांव. झावळीवाला अजून काहीतरी ओरडत होता, पण तो ऐकू येत नव्हता. थोड्या वेळाने त्याने झावळी बुडाखाली घेतली आणि बसला.

आणि शैला हसली. मैदानाच्या मध्यभागी, अंतिम सामन्यात, नोकरी टांगणीला लागलेली, आणि ही हसत होती. पुढचा चेंडू बास्केटच्या कड्यावरून उडाला आणि तिने प्रेक्षकांकडे न बघता उडी मारली. पूर्ण हात वर. चेंडू तिच्या बोटांत आला तेव्हा गिरणीच्या मुलींचे हात तिच्या कोपरापर्यंतही पोचले नव्हते.

त्यानंतर मी काय सांगू? अशी खेळलेली मुलगी मी आजवर पाहिली नाही. वर टाकलेला चेंडू तिचा, कड्यावरून उडालेला तिचा. प्रत्येक उडीला मैदान डरांव करायचं. त्यांची सेंटर, म्हणजे शैलासारखीच बास्केटखाली खेळणारी, चांगली तगडी मुलगी, तिला मागून खांद्याने रेटत राहिली, आणि मध्यंतराला बघतो तर बाईंच्या खांद्यावर अर्धा बेडूक उठलेला. ती स्वतःच बघून हसायला लागली. तरी गिरणीचा संघ सोडत नव्हता. शेवटाकडे ते एका गुणाने पुढे होते, आणि रोहिणीने, अर्थातच, विचारलं, "किती वेळ राहिला?" मी खेकसले, "पुरेसा आहे." नव्हता.

चेंडू माझ्याकडे होता. दोघी माझ्या अंगावर. मला बास्केट दिसत नव्हतं, पण त्या गर्दीच्या वर दोन हात दिसत होते, सरळ, ताठ. मी चेंडू तिथे फेकला. तिने तो वरच्या वर झेलला, खाली उतरवलाच नाही, हवेतच मनगट वळवलं आणि फळ जाळीत ठेवावं तसा ठेवला. जाळीतून चेंडू पडला आणि शिटी वाजली.

मग काय झालं ते मला सलग आठवत नाही. मी रडत होते, हे रोहिणी सांगते. टोपल्यांसकट बायका मैदानात घुसल्या. बाबा, ते बूड विचारणारे, मला पुन्हा पुन्हा सांगत होते, "बरं झालं, बूड नव्हतं." काकी शैलाच्या कमरेशी येत होत्या, तिथेच त्यांनी तिला मिठी मारली आणि म्हणाल्या, "माझा सासरा असायला पाहिजे होता गं." गिरणीच्या त्या सेंटरने शैलाचा हात हातात घेऊन गुजरातीत काहीतरी सांगितलं. सुरेशभाईंनी भाषांतर केलं: "हा खांद्यावरचा बेडूक मी धुणार नाही." मला ती मुलगी फार आवडली.

पाटणकर साहेब गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीवरही हिरवा डाग होता, कारण जिंकल्यावर त्यांनीच शैलाला पाठीवर थोपटलं होतं. "उद्या सकाळी तार करतो," ते म्हणाले. "कायम." मग घसा साफ करून पुढे म्हणाले, "आणि जर्सीबद्दल वर मी बघतो."

शैलाने मान हलवली.

अंधार पडायच्या आत आम्हाला डहाणू गाठायचं होतं. चिखल्याचा ट्रक डरांव डरांव करत पुढे गेला आणि आम्ही तलासरीच्या स्टँडवर एस.टी. पकडली. मी आधी चढले, माझ्यामागे रोहिणी, आणि शेवटी शैला, दोन्ही हातांत चषक धरून. खाडकन आवाज झाला. सगळी गाडी वळून बघायला लागली. शैलाचं कपाळ दाराच्या वरच्या पट्टीवर आपटलं होतं, आणि भुवईच्या वर बघता बघता टेंगूळ आलं.

कंडक्टर घाबरला. "लागलं का, ताई? वाकून यायचं ना, दार बुटकं आहे."

शैला पायरीवर तशीच उभी होती. तिने चषक माझ्याकडे दिला, कपाळावर हात फिरवला, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली.

"वाकायचं विसरले हो," ती म्हणाली.